पहिल्याच पानावर २१४ का?

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचंय सामाजिक शास्त्रांच्या तासाबद्दल. इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र. घरात शाळेत जाणारं मूल असेल, तर परीक्षेच्या आदल्या रात्री हे विषय कसे होतात ते तुम्हांला सांगायला नको. मूल येरझाऱ्या घालत उत्तरं घोकतं आणि कुणीतरी वही हातात धरून ती म्हणून घेतं. मी तेवीस वर्षं हे विषय शिकवते आहे. त्यातली पहिली आठ-नऊ वर्षं मीही याच घोकंपट्टीची तयारी करून घेत होते. फळ्यावर उत्तर लिहायचं, मुलांनी ते उतरवून घ्यायचं.

शोधातून शिकायचं म्हटलं की हा क्रम उलटा होतो. आधी प्रश्न, मग पुरावा, आणि उत्तर सगळ्यात शेवटी. पुन्हा सांगते, कारण आपल्या हाताला नेमकी उलटी सवय लागलेली आहे: आधी प्रश्न, मग पुरावा, उत्तर शेवटी. ही कल्पना काही आजची नाही. विचार सुरू होतो तो माणूस अडतो तिथून, हे जॉन ड्यूई या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९१० सालीच लिहून ठेवलं आहे. त्याच देशातल्या सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेने २०१३ साली शिक्षणाचा एक आराखडा प्रसिद्ध केला. प्रश्न तयार करणं, त्या त्या विषयाची हत्यारं वापरणं, साधनं पारखून पुरावा काढणं, आणि निष्कर्ष लोकांपुढे मांडून त्यावर काही करणं, अशा चार भागांत तो बांधला आहे.

पण आराखडा राहू दे. मला तुम्हांला कोनशिलेची गोष्ट सांगायची आहे.

सातवीचा वर्ग होता. इतिहासाची साधनं शिकवत होते. भौतिक साधनं, लिखित साधनं, मौखिक साधनं. फळ्यावर तीन रकाने आखले होते आणि मुलं माना खाली घालून उतरवत होती. तेवढ्यात एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, माझी आजी याच शाळेत शिकली. पण दारातल्या कोनशिलेवरचं साल पाहिलं तर आजीची शाळा तेव्हा सुटलेली होती. मग ती शिकली कुठं?"

आमच्या शाळेच्या दारात, उजव्या हाताला, भिंतीत बसवलेला एक दगड आहे. वर शाळेचं नाव, मधे साल, खाली पाहुण्यांचं नाव. दर वर्धापनदिनाच्या भाषणात तेच साल सांगितलं जातं. मीही सांगितलं होतं. त्यामुळे तोंडाशी आलेलं उत्तर मी देऊन टाकलं. "आजींच्या लक्षात चुकीचं राहिलं असेल," म्हणाले. मुलगी खाली बसली. ती बसली तो क्षण मी अजून विसरलेले नाही. फळ्यावर तिसऱ्या रकान्यात माझ्याच अक्षरात "मौखिक साधने" लिहिलेलं होतं, आणि तेच साधन वर्गात चालत आलं तेव्हा मी त्याला खाली बसवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेले आणि तिचाच प्रश्न फळ्यावर लिहिला. आपली शाळा कधी सुरू झाली? वर्गाला विचारलं, काय काय शक्य आहे? तीन शक्यता निघाल्या. आजी चुकते. दगड चुकतो. आणि तिसरी बराच वेळ कुणाला सुचेना. मग एक मुलगा म्हणाला, "दोघंही बरोबर असतील, बाई, पण दगड दुसरंच काहीतरी सांगत असेल." पुढचा प्रश्न, यातलं खरं काय ते कशावरून ठरेल? मुलांनी यादी केली: दगड नीट वाचायचा, कचेरीतलं जुनं रजिस्टर पाहायचं, आजीला पुन्हा विचारायचं, आणि तिच्या वयाच्या आणखी कुणाला तरी शोधायचं.

पहिला दगड. तुम्ही लहानपणी नाण्यावर कागद ठेवून वरून पेन्सिल घासली असेल, तसंच मुलांनी केलं. पांढरा कागद चिकटवला आणि पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासत गेली. आता गंमत बघा. त्या दगडावर वर्षानुवर्षं ऑइलपेंट चढत आलेला. मोठी अक्षरं होती तेवढी कुणीतरी लाल रंगाने पुन्हा गिरवलेली. बारीक अक्षरं रंगाखाली बुजून सपाट झालेली. (दगडावरच्या लेखाला रंग फासू नये. देऊळ असो, विहीर असो की शाळा असो, कोरलेलं अक्षर जसं आहे तसं राहू द्यावं. हे माझं फार जुनं मागणं आहे आणि जिथं बोलायला मिळेल तिथं मी ते सांगते.) तर कागदावर शाळेचं नाव उमटलं, साल उमटलं, आणि त्या दोहोंच्या मधे एक ओळ उमटायला लागली. डोळ्यांना ती कधीच दिसली नव्हती. आधी "न" दिसला. मग "त". मग पूर्ण शब्द: नूतन. नूतन इमारत.

कागद धरून उभी असलेली मुलगी म्हणाली, "नूतन म्हणजे नवी. नवी म्हणजे... जुनी होती!"

मी या दगडावरून अकरा वर्षं रोज जात-येत होते.

मग कचेरी. जुनं जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची क्रमाने नोंद असते ते, मागितलं तर आधी "कशाला हवंय?" असं झालं. ते रास्तही होतं, असल्या कागदाचं एक पान फाटलं तर ते पुन्हा मिळत नाही. शेवटी असं ठरलं की कचेरीतले काका स्वतः पानं उलटतील, मुलं हात मागे बांधून बघतील. जाड पुठ्ठ्याचं, कापडी पाठीचं रजिस्टर. अक्षर इतकं देखणं की मुलं नावं वाचायची विसरून अक्षरच बघत राहिली. शाई जिथं दौतीत बुडवून घेतली तिथं गडद, मग फिकट होत गेलेली, पुन्हा गडद. लिहिणाऱ्याचा हात कुठं थांबला ते कळत होतं. आता सगळ्या नोंदी संगणकावर असतात. सोय आहे, नाही म्हणत नाही. पण कागदावरची एक प्रत सुंदर अक्षरात ठेवायला काय हरकत आहे, असं मला मनापासून वाटतं. असो.

पहिली नोंद कोनशिलेच्याच सालातली होती. मुलं हिरमुसली, म्हणजे दगडच बरोबर. काका पान उलटणार, तेवढ्यात तो तिसरी शक्यता सांगणारा मुलगा म्हणाला, "काका, थांबा. पहिल्याच पानावर २१४ का?"

सगळ्यांनी वाकून पाहिलं. डावीकडच्या पहिल्या रकान्यात अनुक्रमांक असतो. पहिल्या मुलाचा क्रमांक होता २१४. त्याच्या खाली २१५. मग २१६. एक नव्हताच. कपाटातलं हे पहिलं रजिस्टर म्हणजे मुळात दुसरं होतं. त्याच्या आधी २१३ मुलं या शाळेत दाखल झाली होती आणि त्यांचं रजिस्टर कुठंच नव्हतं.

आता आजी. मुलींनी घरी जाऊन प्रश्न विचारले, वहीत लिहून आणले. आजी म्हणाल्या, दोन खोल्या होत्या आणि घंटा म्हणून लोखंडी रुळाचा तुकडा टांगलेला होता. दुसऱ्या एका मुलाच्या शेजारचे आजोबा म्हणाले, छे, तीन खोल्या होत्या. झालं! वर्गात दोन तट पडले. पूर्वी मी तिथंच निकाल देऊन टाकला असता. या वेळी गप्प राहिले, आणि खरं सांगते, गप्प राहणं शिकवण्यापेक्षा कठीण आहे. मुलांनी आजोबांचं वय विचारून आणलं. ते आजींपेक्षा चार वर्षांनी लहान निघाले. मग कुणीतरी म्हणालं, तिसरी खोली मागून बांधली असेल. दुसरं म्हणालं, असेल, पण आपल्याला माहीत नाही. वहीत मुलांनी लिहिलं: "खोल्या दोन की तीन, ठरत नाही." सातवीतल्या मुलांनी ठरत नाही असं लिहिलं! त्या एका ओळीसाठी मला त्या वर्गाला शंभरपैकी शंभर द्यावेसे वाटले होते.

आणि नवव्या दिवशी ती पहिली मुलगी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून एक कागद घेऊन आली. आजीचा शाळा सोडल्याचा दाखला. मामाच्या घरी पत्र्याच्या ट्रंकेत सापडलेला, चार घड्या पडलेला. शाळा सोडल्याची तारीख कोनशिलेच्या आधी तीन वर्षं. शिक्का अर्धा पुसलेला, त्यामुळे हीच शाळा कशावरून, यावर पुन्हा पंधरा मिनिटं वाद झाला. मग एकीने वरच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. रजिस्टर क्रमांक, १३१.

वर्गात कुणी बोललं नाही. २१४ च्या आधीचा आकडा होता.

श्रोतेहो, वेळ बराच गेला, तेव्हा बाकीचं थोडक्यात. आधी प्रश्न, मग पुरावा, उत्तर शेवटी, हे तर झालंच. पण प्रश्न कसा असावा? "अमुक लढाई कधी झाली" हा शोधाचा प्रश्न नाही, ते एका ओळीत मिळतं. "ती टळली असती का" हा आहे, कारण त्याला दोन बाजूंनी पुरावा लागतो. नागरिकशास्त्रात "वर्गाचे नियम कुणी करायचे" यावर दोन तास सहज निघतात. भूगोलासाठी तर हाताशी नकाशा आहेच. मर्केटर या नकाशाकाराने १५६९ साली काढलेल्या पद्धतीचा जगाचा नकाशा भिंतीवर लावा आणि विचारा, ग्रीनलंड मोठं की आफ्रिका? नकाशात दोन्ही सारखीच दिसतात. मग क्षेत्रफळ शोधायला लावा. ग्रीनलंड सुमारे २१ लाख ७० हजार चौरस किलोमीटर, आफ्रिका सुमारे ३ कोटी. चौदा पट! मग नकाशा असा का काढला, कुणाच्या सोयीसाठी? खलाशांना दिशा धरून जहाज हाकायला तो उत्तम होता. तिथपर्यंत मुलं आपली आपण पोचतात.

कागद समोर आला की आधी काय पाहायचं? लिहिणारा कोण ते. सॅम वाइनबर्ग या अमेरिकन शिक्षण-अभ्यासकाने १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आठ इतिहासकार आणि माध्यमिक शाळेतले आठ विद्यार्थी यांच्यापुढे एकच कागदपत्रं ठेवली. विषय होता अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाची सुरुवात झाली ती १७७५ सालची लेक्सिंग्टनची चकमक, जिथं पहिली गोळी कुणी झाडली ते आजही ठरलेलं नाही. इतिहासकारांची नजर आधी जाई ती हे कुणी लिहिलं, कधी लिहिलं, त्याला काय पडलं होतं, याकडे. विद्यार्थी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत गेले, पाठ्यपुस्तक वाचावं तसं. त्या इतिहासकारांपैकी काहींचा तो अभ्यासविषयही नव्हता, तरी कागद कसा धरायचा हे त्यांना ठाऊक होतं. घरी मुलं फोनवर आलेला मजकूर वाचून दाखवतात तेव्हा तुम्हीही एवढंच विचारा: कुणी लिहिलंय?

आणि एक इशारा, कारण याचा विपर्यास फार होतो. शोधातून शिकणं म्हणजे मुलांना "जा, शोधा" म्हणून मोकळं सोडणं नव्हे. नवशिक्याला पुरेसा आधार न देता सोडलं तर त्याचं डोकं नुसतं शिणतं, शिकणं होत नाही, अशी टीका कर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या शिक्षण-अभ्यासकांनी २००६ साली केली आहे, आणि माझा अनुभव तिच्या बाजूने आहे. तीन-चारच साधनं निवडा, अवघड शब्दांचे अर्थ आधी सांगा, पसारा आवरा. फक्त उत्तर सांगू नका. प्रकल्पाच्या वहीला सोनेरी किनार लावण्यात जो वेळ जातो, तो मला कायम वाया गेलेला वाटतो; तो वेळ इथं द्या. आमच्या चार तासांच्या पाठाला बारा दिवस लागले आणि पुढचा एक धडा मला घाईने उरकावा लागला. तो धडा त्या मुलांना आठवत असेल असं मला वाटत नाही. कोनशिला आठवते. ती मुलं आता कॉलेजात आहेत, भेटली की तिच्याबद्दलच बोलतात.

शेवटी आम्ही दारात दगडाशेजारी पुठ्ठ्याचा एक फलक लावला. त्यावर काय लिहायचं यावर अर्धा तास चर्चा झाली. कुणी म्हणालं, शाळा आजींच्या वेळी सुरू झाली असं लिहू. पण १३१ च्या आधीची १३० मुलं? ती कधी आली? मग एका मुलाने शब्द सुचवला: निदान. "ही शाळा निदान तेव्हापासून आहे. त्याआधीचे रजिस्टर अद्याप मिळालेले नाही." त्या दोन वाक्यांखाली सगळ्या वर्गाच्या सह्या आहेत.

तेव्हापासून दरवर्षीची सातवी ते हरवलेले क्रमांक शोधते. कुणाच्या पणजोबांचा दाखला, कुणाच्या आत्याआजीचं प्रगतिपुस्तक. सापडला की फलकाखाली तो आकडा लिहायचा, तारीख घालायची. २१३ पैकी आतापर्यंत सहा लिहून झालेत. सहावा गेल्या महिन्यात आला. क्रमांक १९.

नमस्कार.