शून्य बिलावरचे युनिट

श्रोतेहो, नमस्कार.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या आपल्या भागात दर महिन्याला एक माणूस जवळजवळ प्रत्येक दारात येऊन जातो. हातात छोटं यंत्र असतं. मीटर बघतो, कागदाची पट्टी फाडून देतो आणि पुढच्या घरी जातो. हेस्कॉम या आपल्या भागातल्या वीज कंपनीच्या कामासाठी येणारा हा मीटर रीडर. वीज कंपनी आणि ग्राहक यांची गाठ पडते ती इथं, उंबऱ्यावर. कार्बन कमी करायच्या गोष्टी मोठमोठ्या सभांमधून होतात. माझं म्हणणं असं, की ते काम या उंबऱ्यावर सुरू व्हावं आणि वीज कंपनीनं ते आपलंच काम मानावं.

आपल्याच गोकाकच्या धबधब्यावर 1887 साली पाण्यापासून वीज काढली गेली, देशातल्या अगदी सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी तो एक. पण आज देशात तयार होणाऱ्या विजेतला साधारण तीन चतुर्थांश भाग कोळशातून येतो. कर्नाटकात पाणी, वारा आणि ऊन यांच्यावरची वीज पुष्कळ आहे, तरी ग्रिड, म्हणजे विजेचं जाळं, सगळ्या देशाचं एकच. देशाची सरासरी धरली तर एका युनिटमागे सुमारे 700 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे घरात 100 युनिट जळाले की 70 किलो.

आता गृहज्योतीकडे, म्हणजे राज्य सरकारच्या मोफत विजेच्या योजनेकडे येऊ. ऑगस्ट 2023 पासून शून्य बिलं येऊ लागली. 2022-23 सालच्या आपल्या सरासरी वापरापेक्षा 10 टक्के (वापर फार कमी असेल तर 10 युनिट) जास्त, पण 200 युनिटच्या आत, इतकी वीज मोफत. रोजंदारीवर चालणाऱ्या घराला हा केवढा आधार आहे हे मी जाणतो, त्याविरुद्ध मला काही म्हणायचं नाही. अडचण एवढीच, की रकमेच्या जागी शून्य दिसलं की पट्टी वाचलीच जात नाही, सरळ कॅलेंडरच्या मागे जाते. वापर हळूहळू वाढतो, कोणाच्या लक्षात येत नाही. मग एप्रिल-मे मध्ये कधीतरी 200 चा आकडा ओलांडतो आणि पूर्ण बिल भरावं लागतं.

कंपनीकडे प्रत्येक घराचा महिन्यामहिन्याचा हिशेब आहे. तिनं पट्टीवर तीनच आकडे ठळक छापावेत: गेल्या वर्षी याच महिन्यात किती युनिट, यंदा किती, आणि हक्कातले किती उरले. आणि ते वाचता यावेत. आपल्याकडे बाजारात कन्नड, घरात मराठी असं सहज चालतं. पण येळ्ळूरच्या किंवा जांबोटीच्या एखाद्या आजीला कन्नड बोलता आलं तरी वाचता येईलच असं नाही. ग्राहकानं निवडलेल्या भाषेत, मराठी, कन्नड किंवा उर्दूत, फोनवर अर्ध्या मिनिटाचा आवाजी निरोप पाठवणं आज अवघड नाही. आजीला कळलं तर घराला कळलं.

नुसतं सांगून मात्र भागत नाही. जुना छताचा पंखा साधारण 75 वॅट खातो, नवा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा 30 च्या आसपास. दिवसाला 12 तास चालवला तर एका पंख्यामागे महिन्याला 16 युनिट वाचतात. तीन पंखे बदलले तर जवळपास 50. हिशेब चोख आहे, पण एकदम सात-आठ हजार रुपये काढायचे कुठून? एलईडी बल्बच्या वेळी हा प्रश्न सुटला होता. 2015 मध्ये देशभर उजाला योजना आली. सरकारी कंपनीनं एकत्र खरेदी केली आणि जो बल्ब 2014 साली 310 रुपयांना घेतला जायचा, तो 2016 पर्यंत 38 रुपयांवर आला. काही राज्यांत तर ग्राहकांनी महिन्याला 10 रुपये असे वीजबिलातूनच हप्ते भरले. पंख्यांसाठी हीच वाट धरावी, कंपनीनं घाऊक खरेदी करावी आणि हप्ता बिलात लावावा. शून्य बिलवाल्या घराला मात्र हप्ता जड वाटेल, कारण वाचलेल्या युनिटचे पैसे त्याला दिसणार नाहीत. अशा घरांचे पंखे कंपनीनं आणि सरकारनं मिळून बदलून द्यावेत. मोफत विजेचा खर्च शेवटी सरकारच भरतं, वापर घटला तर तोही घटेल.

छतावरच्या सौर विजेबद्दल कंपनीनं आणखी स्पष्ट बोलायला हवं. 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत 1 किलोवॅटला 30 हजार, 2 किलोवॅटला 60 हजार आणि 3 किंवा त्याहून जास्त किलोवॅटला 78 हजार रुपये अनुदान आहे. त्याच वर्षीच्या नियमांनुसार 10 किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला आधी तांत्रिक तपासणीची गरज राहिलेली नाही. पण कोणी बसवावं, कोणी थांबावं, हे सांगणार कोण? पॅनेल विकणारा सगळ्यांना 'बसवा'च म्हणणार. अथणी-रायबागकडचं ऊन वेगळं. कणकुंबीत जून ते सप्टेंबर सूर्य दिसणं मुश्कील. खानापूर भागातल्या कौलारू छपरावर पॅनेल बसवायचं तर आधी वासे बघावे लागतात. ज्यांचा वापर 200 च्या पुढे आहे, ज्यांची स्लॅब मोकळी आहे, ज्यांचं दुकान दिवसभर उघडं असतं, त्यांनी पुढे यावं. 'तुमच्या घराला हे परवडणार नाही' असं सांगायची हिंमत असलेला माणूस कंपनीनं सेक्शन ऑफिसात बसवला, तर लोक त्याच्या 'हो'वरही विश्वास ठेवतील.

शेतीपंपांचा विषय सगळ्यात मोठा. 10 एचपीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत आहे, पण तीन फेजची वीज ठरावीक तासच मिळते, त्यातली काही रात्री. म्हणून ऑटो स्विच लावून शेतकरी झोपतो. करंट आला की पंप आपोआप सुरू होतो आणि ऊस पाण्यात उभा राहतो. पाणी, वीज आणि माती, तिन्ही वाया. खानापूरकडे रात्री शेतात जायचं म्हणजे गवा आणि सापाची भीती, तेव्हा शेतकऱ्याला दोष कसा देणार? केंद्राच्या कुसुम योजनेत शेतीच्या फीडरजवळ, म्हणजे पंपांना वीज नेणाऱ्या लाइनीजवळ, सौर प्रकल्प उभारून दिवसा वीज द्यायची सोय आहे. कोणत्या गावाच्या फीडरला ती कधी मिळणार, याचा फलक कंपनीनं त्या त्या ग्रामपंचायतीत लावावा. दिवसा पाणी पाजता येईल अशी खात्री झाली, तर दुधगंगा-वेदगंगेच्या काठचा शेतकरी ऑटो स्विच स्वतःच्या हातानं काढून ठेवील.