आजीची जन्मतारीख

(धुक्यातलं शाळेचं मैदान. ट्रॅकवर एकटीच कुणीतरी पळतंय, बुटांचा आवाज.)

एडिसन, न्यू जर्सी. सकाळचे पावणेसहा, ऑक्टोबर संपत आलाय आणि कॅमेरा धरायला खिशातून हात काढावासा वाटत नाही इतकी थंडी. ही जी पळतेय ना ती सोळा वर्षांची आहे, इथल्या अकरावीत. नाव सांगायचं नाही आणि चेहरा दाखवायचा नाही अशी तिची अट, त्यामुळे आपण तिला छोटी म्हणू, घरी पण तिला छोटीच म्हणतात. आई सांगलीची, बाबा पुण्याचे, ही जन्मली इथेच. आणि हिला एफबीआयमध्ये स्पेशल एजंट व्हायचंय.

ट्रॅक ४०० मीटरचा, म्हणजे दीड मैलाला सहा राउंड आणि वर चार पावलं. एफबीआयच्या फिटनेस टेस्टमध्ये हेच अंतर आहे. बायकांसाठी १३ मिनिटं ५९ सेकंदांत आलं तर एक पॉइंट, त्याच्या वर गेलं की पॉइंट नाही. छोटी आज १३:४० ला आली. आली आणि गवतात आडवी, डोळे मिटूनच म्हणाली, "काका, हे कट करा." मी केलं नाही, सॉरी छोटी.

खरं सांगायचं तर मी पण हेच शूट करायला आलो होतो, पळणं, पुशअप्स, बंदूक वगैरे. सिनेमे बघून डोक्यात तेच बसलेलं असतं ना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो, चहा झाला, आणि हिने किचन टेबलवर एक वही आणून ठेवली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की फिल्म पळण्याची नाहीच, या वहीची आहे.

(वही, अगदी जवळून.)

शंभर पानी, पुण्याहून आणलेली, वर खाकी कव्हर. ते आईने घातलंय, आपल्याकडे जूनमध्ये घालतात तसं, कोपरे दुमडून. पहिल्या पानावर राहिलेल्या सगळ्या घरांचे पत्ते, कधीपासून कधीपर्यंत, शेजारी कोण होतं. दुसऱ्या पानावर नोकरी. नोकरी म्हणजे काय तर गेल्या उन्हाळ्यात आइस्क्रीमच्या दुकानात दहा आठवडे, पण मॅनेजरचं नाव, फोन, पहिला दिवस, शेवटचा दिवस, सगळं आहे. तिसऱ्यावर भारताच्या ट्रिपा, पासपोर्टवरचे शिक्के बघून तारखा उतरवलेल्या.

हे कशासाठी, तर इथे केंद्र सरकारची नोकरी, त्यातून गुप्त माहितीशी संबंध येणारी नोकरी हवी असेल तर एसएफ-८६ नावाचा एक फॉर्म भरावा लागतो. शंभराहून जास्त पानांचा आहे तो, अतिशयोक्ती करत नाहीये. दहा वर्षांत कुठे कुठे राहिलात, कुठे काम केलं, साहेब कोण होता, सात वर्षांत परदेशात कुठे गेलात, कशासाठी गेलात. आणि मग माणसं पाठवून ते सगळं तपासतात, शेजाऱ्यांची दारं वाजवतात, वर एफबीआयची लाय डिटेक्टर टेस्ट असतेच. त्यात मुद्दाम खोटं लिहिलं तर तो गुन्हा, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आता नियम नीट वाचला तर पत्ते आणि नोकऱ्या साधारण अठराव्या वाढदिवसाच्या मागे जाऊन विचारत नाहीत. म्हणजे आइस्क्रीमचं दुकान लिहायची गरजच पडणार नाही. मी तिला हे म्हणालो तर म्हणते, "माहितीये, पण सवय अठराव्या वर्षी एकदम नाही लागत." घ्या.

मोठी माणसं या फॉर्मला वैतागतात ते यामुळेच, की सहा वर्षांपूर्वी आपण कुठल्या अपार्टमेंटमध्ये होतो आणि रूममेटचं आडनाव काय हे कुणाला आठवतं?

वयाचा हिशोब पण बघा. स्पेशल एजंटला गेली कित्येक वर्षं नियम असा की वय किमान २३, आणि सदतीस पूर्ण व्हायच्या आत रुजू व्हायचं, त्याआधी चार वर्षांची डिग्री आणि साधारण दोन वर्षं कुठेतरी पूर्ण वेळ नोकरी. म्हणजे सोळाव्या वर्षी ठरवलं तरी सात-आठ वर्षं दार बंदच. डिग्री कशातली पण चालते. आईला वाटायचं क्रिमिनल जस्टिसच घ्यावं लागेल, तसं काही नाही, एफबीआयला कॉम्प्युटरवाले हवेत, वकील हवेत, परकी भाषा येणारे हवेत, आणि अकाउंटंट तर पहिल्यापासून हवेत.

अकाउंटंटवरून आठवलं. शिकागोचा अल कपोन, एवढा मोठा गुंड, खून-दारू कशातच सापडत नव्हता. १९३१ मध्ये अकरा वर्षांची शिक्षा झाली ती कशासाठी, तर इन्कम टॅक्स बुडवला म्हणून! आणि पकडला कुणी, सगळे म्हणतात एफबीआयने, पण वह्या-चोपड्या उलथ्यापालथ्या करून केस उभी केली ती टॅक्स खात्याच्या तपासनिसांनी. त्या खात्याचे असे एजंट आजही आहेत, कमरेला पिस्तूल आणि समोर बॅलन्स शीट, तिथे लागायला अकाउंटिंगचे पंधरा क्रेडिट अवर लागतात. छोटीने हे वाचलं आणि यंदा शाळेत अकाउंटिंग घेतलं. बाबा खूश. त्यांना वाटतंय पोरगी हळूहळू सीएकडे वळतेय, आणि आम्ही कुणी त्यांचा गैरसमज दूर केलेला नाही.

तसं बघितलं तर अमेरिकेत फेडरल पोलीस अशी एकच गोष्ट नाहीच. ड्रग्जला वेगळे, बंदुका-स्फोटकांना वेगळे, फरारी कैद्यांना शोधणारे मार्शल वेगळे, पोस्टाचे स्वतःचे वेगळे, नॅशनल पार्कचे रेंजर वेगळे. बॉर्डर पेट्रोलला तर डिग्रीचीही सक्ती नाही. पण हिचं मन एफबीआयवरच आहे तर असो.

(संध्याकाळ, कवायत करणारी मुलं, निळे शर्ट, चेहरे धूसर.)

मग एवढी वर्षं करायचं काय? हे एक्स्प्लोरर. चौदा पूर्ण आणि आठवी झालेली असली की गावच्या पोलिसांच्या या कार्यक्रमात मुलांना घेतात, विसाव्या वर्षापर्यंत राहता येतं. आठवड्यातून एकदा येतात, कवायत, प्रथमोपचार, रेडिओवर कसं बोलायचं, आणि खोटी खोटी गाडी अडवायची. ते मी बघितलं. एक पोरगा ड्रायव्हर होऊन बसला होता आणि मुद्दाम वाद घालत होता, छोटी खिडकीपाशी उभी, आवाज अजिबात चढवला नाही, फक्त दोन्ही हात कुठे ठेवायचे ते तिला कळत नव्हतं. मला कबड्डीच्या पहिल्या मॅचला उभी राहिलेली आमची बहीण आठवली.

एफबीआयची ऑफिसं पण हायस्कूलच्या मुलांसाठी टीन अकॅडमी भरवतात, कुठे एक दिवस, कुठे आठवडाभर. पुरावे कसे गोळा करतात, सायबर गुन्हे, लाय डिटेक्टर, असं दाखवतात. तिचा अर्ज जाणार आहे, निबंध लिहिणं चालू आहे, मला वाचू दिला नाही.

आता जरा नाजूक विषय. न्यू जर्सीत २१ एप्रिल २०२२ पासून गांजा दुकानात मिळतो, एकवीस वर्षांच्या पुढच्यांना, बिल-बिल सगळं करून. पण केंद्राच्या कायद्यात तो अजून बेकायदाच. एफबीआय म्हणते अर्जाच्या आधीच्या एका वर्षात गांजा घेतलेला चालणार नाही, २०२१ च्या आधी ही अट तीन वर्षांची होती. अठराच्या आधी कधी घेतला असेल तर नुसत्या त्यावरून बाद करत नाहीत. लपवलात तर मात्र करतात. म्हणजे पंधराव्या वर्षी केलेल्या मूर्खपणापेक्षा पंचविसाव्या वर्षी त्याबद्दल मारलेली थाप जास्त महाग, आणि मला तरी हे न्याय्य वाटतं.

छोटीला विचारलं, तुझं काय? तिने वही उलटी केली. शेवटच्या पानावर काहीतरी लिहिलेलं होतं, एक तारीख आणि खाली तीन ओळी. "मी नाही घेतला, पण गाडीत मी होते," म्हणाली. कॅमेरा जवळ नेला तर वही मिटली. आई मागे कुकर लावत होती.

(फोनचा स्क्रीन. सांगलीचं घर, मागे शिट्ट्या, कोंबडा.)

रात्रीचे नऊ, सांगलीत सकाळचे साडेसहा. आजी. फॉर्ममध्ये एक भाग परदेशी नागरिकांचा आहे, ज्यांच्याशी तुमचं जवळचं, नेहमीचं येणं-जाणं आहे, माया आहे, बांधिलकी आहे, अशा सगळ्यांची माहिती द्यायची. आता मला सांगा, आजी सोडून जगात कोण बसणार त्यात? मामा पण येतो, आणि मामा आहे तलाठी, म्हणजे या फॉर्मच्या भाषेत परदेशी सरकारशी संबंधित व्यक्ती. हे मामाला कळल्यापासून तो फोनवर भारदस्त आवाजात बोलतो.

"आजी, तुझी जन्मतारीख सांग गं."

"एक जून अठ्ठेचाळीस."

"पण तू तर मागे म्हणालीस बेंदराला जन्मले."

"मग! बेंदराच्याच दिवशी. दारात बैल रंगवलेले आन् आत मी. एक जून गुरुजींची."

छोटीला कळेना. मग आईने गॅस बंद करून समजावलं, की पूर्वी शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, पोरगं वयात बसायला पाहिजे, तारीख कुणाला माहीत नसायची, मग गुरुजी सरसकट एक जून टाकायचे. आजीची, मोठ्या आजोबांची, अर्ध्या गावाची एकच तारीख. आधार कार्डावर तीच, पासपोर्टवर तीच.

"मग खरं वर्ष कुठलं?"

"गांधीबाबा गेले त्याच्या पुढच्या साली, आमची आई म्हणायची."

"एकोणपन्नास," आई म्हणाली. "कुठला बेंदूर आई, कर्नाटकी का आपला?"

"आपला गं. म्हाराष्ट्री."

म्हणजे आषाढ. म्हणजे बहुतेक जुलै. छोटी बराच वेळ पेन हातात धरून बसली. फॉर्ममध्ये तारखेच्या शेजारी 'अंदाजे' असा एक चौकोन असतो, ते तिला माहीत होतं, पण पासपोर्टवर पक्की छापलेली तारीख अंदाजे कशी म्हणायची? आणि अंदाजे नाही म्हटलं तर ते खोटं नाही का?

आजी तिकडून म्हणाली, "दोन्ही लिही की. त्यांना काय ते बघू देत."

तिने दोन्ही लिहिल्या, एकीखाली एक. वही सगळी इंग्रजीत आहे, पहिल्या तारखेपुढे 'कागदावर' अशा अर्थाचं काहीतरी, दुसरीपुढे कंस उघडला आणि थांबली.

"काका, बेंदूरचं स्पेलिंग काय करू?"