पानांवरचं पांढरं

(दृश्य: मे महिन्यातली दुपार. पश्चिम नागपुरातल्या एका फ्लॅटची बैठक. खिडकीत कुलर, समोरच्या टेबलावर मनी प्लांट आणि क्रोटन.)

बाहेर पारा ४५ अंशांवर. आत खसाचा वास आणि कुलरची घरघर. मनी प्लांटच्या पानांवर पांढरे ठिपके पडलेत आणि काकूंच्या हातात बुरशीनाशकाची बाटली आहे.

"काहून पांढरे पडले असतील हे पानं? तीनदा फवारलं, जातच नाही."

जाणार नाही. ही बुरशी नाहीच.

(दृश्य: पानाचा क्लोजअप.)

ठिपक्याची कड बघा. थेंब सुकला की स्टीलच्या ताटावर उरतं, तसंच वर्तुळ. पान उलटलं तर खालची बाजू स्वच्छ. बोटाला खरखर लागते. त्यावर व्हिनेगरचा एक थेंब सोडला की डाग विरघळतो, थर जाड असेल तर बारीक बुडबुडेही येतात. हा क्षार आहे, मुख्यतः कॅल्शियमचा.

तो येतो पाण्यातून. नळाला पेंच आणि कन्हानचं पाणी येतं, पण उन्हाळ्यात कितीतरी इमारतींच्या टाकीत बोअरचं जड पाणी मिसळतं. कुलरमध्ये पाण्याची वाफ होते, क्षार मात्र टाकीतच साठत जातात. रोज वरून नवं पाणी ओतलं की ते आणखी दाट होतात. पंख्यातून उडालेले शिंतोडे समोरच्या पानांवर सुकतात आणि क्षार तिथंच राहतो. खसाच्या टट्टीवर जो पांढरा थर चढतो, तोच हा.

उपाय साधा. लिटरभर पाण्यात एक-दोन चमचे पांढरं व्हिनेगर घालायचं, मऊ कापड भिजवून, पानाखाली तळहात धरून हलकेच पुसायचं, मग साध्या पाण्यानं पुन्हा एकदा. कुंडी कुलरच्या झोतातून बाजूला करायची. कुलरची टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करायची; डासांसाठी ते करायलाच हवं.

आणखी एक, आणि हे कळकळीनं सांगतो: आरओचं वाया जाणारं पाणी झाडांना घालू नका. पाणी वाचवण्याचा हेतू चांगला आहे, पण गाळून वेगळे काढलेले सगळे क्षार त्याच पाण्यात असतात. मातीवर पांढरी पापडी धरते, पानांची टोकं करपतात. ते पाणी फरशी पुसायला वापरा.

(दृश्य: काकू शेजारची क्रोटनची कुंडी जवळ ओढतात.)

या क्रोटनवरही काकूंनी तेच बुरशीनाशक मारलं होतं. पण इथलं पांढरं पानाच्या मधोमध नाही, देठाच्या बेचक्यात आहे, कापसाच्या पुंजक्यासारखं. काडीनं टोचलं तर आत गुलाबीसर, मऊ किडा. खालचं पान चिकट, आणि कुंडीवर मुंग्यांची रांग. मुंग्या त्या चिकट गोड स्रावासाठी येतात आणि किडीला राखतात.

"अगं बाई, हा तर पिठ्या ढेकूण! आमच्या कपाशीवर यायचा."

विदर्भातल्या शेतकऱ्याला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. त्याच्या अंगावर मेणचट आवरण असतं, म्हणून नुसतं पाणी घसरून जातं. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एकेक किडा टिपायचा. मग लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे काही थेंब, फवारणी संध्याकाळीच. उन्हात तेलानं पान भाजतं. एका पिशवीत शेकडो अंडी असतात, त्यामुळे एकदा करून भागत नाही. दर सात दिवसांनी, महिनाभर. कुंडी तोवर इतरांपासून लांब.

खरी पांढरी बुरशी, म्हणजे भुरी, वेगळीच. पीठ भुरभुरावं तशी ती पसरते, पानाच्या दोन्ही बाजूंना, आणि बोटाला पावडर लागते. नागपुरात ती बहुतेक थंडीत दिसते, रात्री दमट आणि दिवसा कोरडी हवा असताना. तेव्हा खराब पानं तोडायची, कुंड्या विरळ ठेवायच्या, आणि गरज पडली तरच गंधक. तेही मे महिन्यात नाही, आणि तेल फवारून दोन आठवडे होईपर्यंत तर नाहीच.

(दृश्य: खिडकीतला प्रकाश. काकू चष्मा पुसून क्रोटनची फांदी वळवतात.)

बोळा बेचक्यात शिरतो. एक टिपला, दुसरा टिपला. अजून खालची सहा पानं उलटून बघायची आहेत.