झडप बदलायची, पण कोणती?

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘हृदयाची झडप: धातूची की टिश्यूची?’ टिश्यूची म्हणजे प्राण्याच्या ऊतीपासून केलेली. उत्तर देतो, पण आधी १९५८ साल. ती गोष्ट सांगितल्याशिवाय मला या विषयावर बोलताच येत नाही.

अमेरिकेत ओरेगनमध्ये लोवेल एडवर्ड्स नावाचे निवृत्त इंजिनिअर होते. हयात पंपांत गेलेली. ते अल्बर्ट स्टार या तरुण सर्जनकडे गेले आणि म्हणाले, मला कृत्रिम हृदय बनवायचंय. स्टार म्हणाले, आधी एक झडप तर बनवू. दोघांनी प्रथम निसर्गाचाच कित्ता गिरवला, म्हणजे पाकळ्यांची झडप केली. कुत्र्यांवर प्रयोग झाले, पाकळ्यांवर रक्त गोठून झडप बंद पडायची. मग त्यांनी नक्कल सोडून दिली. एक पिंजरा, आत सिलिकॉनचा चेंडू. दाब आला की चेंडू पुढे सरकतो, वाट मोकळी. दाब फिरला की तोच मागे येऊन भोक बुजवतो. हृदयात अशी वस्तू कुठे असते? कुठेच नाही! पण चालली.

१९६० मध्ये माणसात बसवली. पहिली रुग्ण रक्तात हवा शिरल्यामुळे काही तासांतच गेली. दुसरे गृहस्थ ५२ वर्षांचे. ते पुढे दहा वर्षं जगले आणि गेले ते घर रंगवताना शिडीवरून पडून. हसू नका, नीट ऐका: हृदयात चेंडू घेऊन माणूस शिडीवर चढला होता, हातात ब्रश होता! झडपेची किंमत मी यावरून करतो. ती किती वर्षं टिकते हा प्रश्न दुसरा. ती बसवलेल्या माणसाला रोज काय करता येतं, हा पहिला.

आणि नेमकं तेच विचारलं जात नाही, ही माझी तक्रार आहे. माझ्याकडे धातूची झडप बसवलेली एक तरुण मुलगी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, दाखवायला यायची. छोट्या वहीत तारीख, आकडा, गोळीचा डोस, सगळं सुवाच्य अक्षरात. लग्नानंतर आली, वही टेबलावर ठेवली आणि म्हणाली, ‘डॉक्टर, मला मूल होऊ शकेल ना?’ ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी तिच्याकडून संमतीपत्रावर सही घेतली होती. धातूची झडप म्हणजे जन्मभर वॉरफरिन, ही रक्त गोठू न देणारी गोळी, आणि वॉरफरिन वारेतून गर्भापर्यंत पोचून त्याला इजा करू शकतं, हे तिला त्या संध्याकाळी कुणी सांगितलं नव्हतं. या संभाषणाला आदली संध्याकाळ पुरत नाही हो! त्याला काही आठवडे द्यायला हवेत, घरच्यांना समोर बसवून.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत, तेव्हा आता भराभर.

धातूची म्हणतो ती झडप आज बहुतेक पायरोलिटिक कार्बनच्या दोन अर्धगोल चकत्यांची असते. ती सहसा झिजत नाही. शांत खोलीत तिची टिकटिक मात्र ऐकू येते. अडचण गुठळीची, म्हणून वॉरफरिन. महाधमनीच्या झडपेला आयएनआर साधारण २ ते ३, मायट्रलला, म्हणजे हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधल्या झडपेला, थोडा जास्त. कमी झाला तर गुठळी, वाढला तर रक्तस्राव. ‘नवीन गोळ्या आल्यात ना?’ असं सगळे विचारतात. या झडपेसाठी त्या चालत नाहीत. डाबिगाट्रान आणि अपिक्साबान या त्यांतल्या दोन, दोन्हींच्या चाचण्या मध्येच थांबवाव्या लागल्या.

टिश्यूची झडप डुकराच्या झडपेची किंवा गाईच्या हृदयावरणाची, ग्लुटाराल्डिहाइड या रसायनात प्रक्रिया केलेली. तिला बहुतेकांना जन्मभर वॉरफरिन लागत नाही. पण तिच्यात कॅल्शियम साचतं, साधारण दहा-पंधरा वर्षांत ती निकामी होऊ लागते, आणि वय जितकं कमी तितकी लवकर. म्हणून पन्नाशीच्या आत कल धातूकडे, पासष्टीच्या पुढे टिश्यूकडे, मध्ये रुग्णाची इच्छा. मूल हवं असलेल्या तरुणीला पन्नाशीचा नियम तसाच लावायचा नाही. तिला टिश्यू घेऊन दुसऱ्या ऑपरेशनची तयारी ठेवायची असेल, तर तो शहाणपणाचा निर्णय असू शकतो.

‘नंतर नळीतून आत दुसरी झडप बसवू’ हेही हल्ली सहज म्हटलं जातं. आलँ क्रिबिए या फ्रेंच हृदयरोगतज्ज्ञांनी २००२ मध्ये महाधमनीची झडप अशी रक्तवाहिनीतून नेलेल्या नळीने पहिल्यांदा माणसात बसवली, तेव्हापासून हे तंत्र खूप पुढे गेलंय. पण जुन्या झडपेच्या आत नवी बसली की वाट अरुंद होते. तेव्हा टिश्यू निवडणाऱ्याने सर्जनना पहिल्याच भेटीत विचारावं: माझ्या झडपेचा आकार किती असेल, आणि तिच्यात पुढे दुसरी मावेल का?

आता प्रश्न घेऊ.