घाटातली मजा कुठली गाडी देते: साधी स्पोर्ट्स कार की ट्रॅकसाठी बनवलेली?

[कॅमेऱ्यासमोर. मागे कन्नडचा औट्रम घाट, सकाळची वेळ.]

नमस्कार मंडळी. आज सुरुवात एका पंखापासून करू.

पोर्शे ९११ जीटी३ आरएस, म्हणजे ९११ ची ट्रॅकसाठी बनवलेली आवृत्ती. या गाडीच्या मागचा पंख छपराच्याही वर जातो. तो पंख, पुढची पाती आणि खालचा तळ मिळून हवेच्या जोरानं गाडीला रस्त्यावर दाबतात. किती? कंपनीचा आकडा आहे ८६० किलो, ताशी २८५ किलोमीटरला. ऐकूनच अंगावर काटा येतो.

आता हीच गाडी या घाटात आणा. हवेचा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. वेग निम्मा झाला की दाब चौथाईवर येतो. इथं माझा वेग फार तर साठ. हिशेब केला तर साठला हा दाब भरतो ३८ किलोच्या आसपास. ज्वारीचं एक पोतं मागं ठेवलं तर त्याहून जास्त वजन पडेल.

म्हणजे ज्या गोष्टीसाठी ही गाडी जगभर ओळखली जाते आणि जिच्यासाठी एवढे पैसे मोजायचे, ती गोष्ट या घाटात हजेरीच लावत नाही. पण तिच्यासाठी बाकीच्या गाडीत जे बदल करावे लागले, ते मात्र प्रत्येक खड्ड्यात, प्रत्येक गतिरोधकावर तुमच्या सोबत असतात. आजचा सगळा विषय एवढाच आहे, आणि तो नीट समजून घेऊ, कारण हाच हिशेब वीस लाखांच्या गाडीलाही लागू पडतो.

[पडद्यावर: पंख, मग स्प्रिंग, मग रस्ता]

साखळी कशी आहे बघा. वेगात गाडीवर आठशे-साडेआठशे किलो दाबून बसणार असतील, तर मऊ स्प्रिंग बसून जाईल आणि गाडी पोटावर येईल. म्हणून स्प्रिंग कडक हव्यात. शिवाय हवेचं गणित नीट जुळायचं तर गाडीची जमिनीपासूनची उंची जवळपास तेवढीच राहिली पाहिजे. म्हणून आणखी कडक, आणि आणखी खाली. ट्रॅकवर हे चालतं, कारण ट्रॅकचं डांबर हातानं गुळगुळीत करावं तसं केलेलं असतं. कडक स्प्रिंगची पहिली अट म्हणजे सपाट रस्ता. आणि ती अट आपण मराठवाड्यात कुठून पूर्ण करणार?

इथं मला थोडं थांबायचंय, कारण हा भाग आपल्या मातीचा आहे. जालन्याकडून परभणी, नांदेडकडं जाताना चांगला दिसणारा रस्ताही गाडीला लाटांवरून गेल्यासारखं हलवतो. खड्डा एक नसतो, तरी गाडी वरखाली. ही आपली काळी माती. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते, भेगा पडतात. वर रस्ता कितीही चांगला केला, तरी खालची जमीन दरवर्षी श्वास घेतल्यासारखी हलते आणि रस्ता तिच्याबरोबर वाकतो. त्यातून लांब लांब लाटा तयार होतात, आणि त्यावर ठिगळं.

अशा रस्त्यावर टायरला पकड कुठून मिळते? टायर रस्त्याला टेकून राहिला तर. उंचवटा आला की चाक वर गेलं पाहिजे आणि गाडी जागेवर राहिली पाहिजे. खोलगट भाग आला की स्प्रिंगनं चाक खाली ढकललं पाहिजे. स्प्रिंग फार कडक असेल तर उंचवट्यावर चाकाऐवजी अख्खी गाडी उचलली जाते, आणि पुढच्या क्षणी टायरवरचा भार हलका होतो. भार हलका म्हणजे पकड कमी. हे वळणाच्या मधोमध झालं तर गाडी बाजूला एक उडी घेते. बरेच लोक समजतात की मऊ सस्पेन्शन हे कंबरेच्या सुखासाठी असतं. आपल्या रस्त्यावर मऊ सस्पेन्शन म्हणजे पकड आहे. कंबरेचं सुख त्याच्या मागोमाग येतं.

म्हणून ९११ घ्यायची ऐपत असेल, तर माझं मत साधी कॅरेरा, म्हणजे ९११ चीच रोजच्या रस्त्याची आवृत्ती. ३ लिटरचं ट्विन टर्बो इंजिन, ३९० पीएसच्या आसपास ताकद. ही संख्या ९११ च्या यादीत सगळ्यात खालची आहे, पण आपल्या कुठल्याही रस्त्यावर ती संपवणं शक्य नाही. समोरचा भाग जवळपास ४० मिलिमीटर उचलून घ्यायची सोय मिळते, ती न चुकता घ्या. गतिरोधकाचं शास्त्रोक्त माप आहे ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, म्हणजे चढ-उतार इतका हळुवार की २५ च्या वेगानं आरामात जावं. पण गावोगावचे गतिरोधक त्या मापाचे नसतात. अरुंद आणि उभे असतात. तिथं ते ४० मिलिमीटर सोन्यासारखे आहेत.

[कॅमेरा वळणाकडे]

आता हे वळण बघा. डावीकडं दरड, उजवीकडं दरी, आणि वळणापलीकडचं फार तर चाळीस मीटर दिसतंय. साठच्या वेगाला गाडी सेकंदाला साडेसोळा मीटर जाते. म्हणजे जे दिसतंय ते अडीच सेकंदात संपतं. त्या अडीच सेकंदांत पलीकडं काय असेल? गाळप हंगाम असेल तर दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर, मागं दिवा नाही. सोयाबीन निघायच्या दिवसांत गावाजवळ अर्ध्या रस्त्यावर धान्य वाळत घातलेलं. किंवा शाळेत निघालेली पोरं.

घाटातला वेग टायर ठरवत नाही, नजर ठरवते. जीटी३ आरएस असो की साधी कॅरेरा की आपली रोजची सेडान, शहाणा माणूस या वळणात सगळ्या गाड्या जवळपास एकाच वेगानं नेईल. एकदा हे मान्य केलं की प्रश्न बदलतो. कुठली गाडी जास्त पळते, हे विचारण्यात अर्थ उरत नाही. या वेगाला कुठली गाडी तुमच्याशी बोलते, हे विचारा.

तीस मीटर त्रिज्येचं वळण तुम्ही ४५ च्या वेगानं घेतलं, तर बाजूला ओढ पडते ती साधारण अर्धा जी, म्हणजे गाडीच्या वजनाच्या निम्मी. चांगला रस्त्याचा टायर १ जीच्या आसपास पेलतो. म्हणजे त्याची निम्मी ताकद वापरात आली. या वेळी स्टिअरिंग थोडं जड होतं, गाडी थोडी कलते, सीटमधून कळतं की बाहेरच्या चाकावर भार आला. ही मजा आहे. ट्रॅकचा टायर, म्हणजे मिशलिनचा कप २ धरा, तो याहून बराच जास्त पेलतो, म्हणून या वेगाला त्याला काही विशेष झाल्यासारखं वाटतच नाही. तो गप्प राहतो. त्याला बोलतं करायचं तर जो वेग लागेल, तो या घाटात आणणं गुन्हा आहे. कायद्यानंही आणि माणुसकीनंही.

त्यात त्याचं रबर तापल्यावर खुलतं आणि त्यावर पाणी काढणाऱ्या खाचा कमी असतात. जूनचा पहिला पाऊस पडतो, रस्त्यावरची धूळ आणि तेल वर येतं, तेव्हा हा टायर घेऊन मी घराबाहेर पडणार नाही. साध्या स्पोर्ट्स कारला येणारा पायलट स्पोर्ट ४एस किंवा तसला टायर पावसातही भरवशाचा असतो. आपल्याला वर्षाचे बाराही महिने गाडी चालवायची आहे.

आता गिअर. ही गोष्ट कमी लोक सांगतात, आणि मला ती सगळ्यात जास्त खटकते. पोर्शे ७१८ केमन जीटी४, ४ लिटरचं बिनटर्बो इंजिन, आठ हजार आरपीएमपर्यंत (मिनिटाला तेवढ्या फेऱ्या) जाणारं, सहा गिअरचा मॅन्युअल. कागदावर याहून सुंदर काय असतं? पण गिअर लांब आहेत. दुसऱ्या गिअरमध्येच ही गाडी रेडलाइनला, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांच्या कमाल मर्यादेला, १३५ च्या आसपास पोचते. आपल्या समृद्धी महामार्गावर कारला मर्यादा १२०. म्हणजे मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटरच्या त्या रस्त्यावर तुम्ही दुसरा गिअरसुद्धा कायद्यात राहून पूर्ण खेचू शकत नाही. तिसऱ्याची वरची गाणी तर देशातल्या कुठल्याच रस्त्यावर ऐकायला मिळणार नाहीत. मॅन्युअल गाडीची मजा गिअर बदलण्यात असते, आणि इथं बदलायचं कारणच येत नाही.

बाकी गोष्टी पटकन. एका सांगाड्याची, पाठ न झुकणारी बकेट सीट लातूर ते पुणे सव्वातीनशे किलोमीटर बसून बघा, मग ठरवा. आवाज अडवणारं साहित्य काढून टाकलेलं असतं, त्यामुळं खडी तळाला लागते ती आत ऐकू येते. ट्रॅकचे ब्रेक पॅड थंड असताना नीट चावत नाहीत आणि किंचाळतात.

तर ट्रॅकच्या गाडीत घेण्यासारखं काहीच नाही का? आहे, आणि ते मनापासून सांगतो. जीटी३ घ्या, आरएसची जरा सौम्य बहीण. तिच्या इंजिनला टर्बो नाही, ते नऊ हजार आरपीएमला जातं, आणि पाय हलवला की त्याच क्षणी उत्तर देतं. हे तुम्हाला चाळीसच्या वेगालाही जाणवतं. पुढचं सस्पेन्शन डबल विशबोन (चाक वर-खाली दोन दांड्यांनी धरणारं), रस्त्यावरच्या ९११ मध्ये पहिल्यांदाच या पिढीच्या जीटी३ ला आलं, आणि स्टिअरिंगची जी स्वच्छता आहे ती हळू वेगातही हाताला कळते. ज्याला हे हवंय त्यानं पंख नसलेली जीटी३ टुरिंग बघावी. स्प्रिंग कडकच राहतात, ते लक्षात ठेवा. आणि मला स्वतःला कुणी निवड करायला लावली, तर मी कॅरेरा टी म्हणेन: इंजिन साध्या कॅरेराचं, गिअर हातानं बदलायचे, काचा हलक्या, आवाज जरा मोकळा. तिच्यात लॅप टाइमसाठी, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीची वेळ कमी करण्यासाठी, केलेलं काही नाही. चालवणाऱ्यासाठी केलेलं बरंच आहे.

काही जण म्हणतील, मराठवाड्यात पोर्शेच्या गप्पा कशाला. २०१० मध्ये आपल्या संभाजीनगरच्या, तेव्हाच्या औरंगाबादच्या लोकांनी एकत्र येऊन दीडशे मर्सिडीज एका फटक्यात घेतल्या होत्या. आणि २००१ पासून स्कोडाच्या गाड्या आपल्याकडं शेंद्र्यात जोडल्या जातात. गाडीची समज आणि हौस इथं नवीन नाही.

पण बहुतेकांची गाडी वेगळी आहे हे खरंच. म्हणून आता फोक्सवॅगन व्हर्टस जीटीकडं येतो. दीड लिटरचं टर्बो पेट्रोल, १५० पीएस, मॅन्युअल मिळतो, जमिनीपासून उंची रिकामी असताना १७९ मिलिमीटर. आपल्या रस्त्यासाठी मला ही गाडी अतिशय आवडते. आणि मग काय होतं? गाडी घरी आली की महिनाभरात पोरं गॅरेजला जातात. स्प्रिंग बदलून गाडी दोन इंच खाली, १८ इंची अलॉय, त्यावर पट्टीसारखा पातळ टायर. घरी बसून जीटी३ आरएस तयार होते, पंखाशिवाय.

यात होतं काय, तर वरची सगळी साखळी उलटी लागते. स्प्रिंग कडक झाली पण शॉकअप जुनेच, ते तिला आवरू शकत नाहीत, गाडी लाटांवर उड्या मारते. चाक जड झालं, त्यामुळं खड्ड्यातून लवकर परत येत नाही. पातळ टायरमध्ये हवा कमी, एका खड्ड्यात रिम वाकतो. वळणात पूर्वीपेक्षा कमी पकड, आणि दिसायला मात्र रेसची गाडी. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीनं नोंदवलेल्या मूळ रचनेत बेकायदा बदल केले तर उद्या अपघातानंतर विम्याचा दावा अडू शकतो. त्याच पैशांत चांगले टायर घ्या, मूळ मापाचे. ब्रेक ऑइल बदला, चाकांचं अलाइनमेंट नीट करा, हवेचा दाब थंड टायरवर तपासा. गाडी तीच राहील आणि स्टिअरिंग मात्र जागं होईल.

मधल्या बजेटवाल्यांसाठी, २०२५ मध्ये फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय भारतात आली आणि स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस परत आली. दोन्ही महाग आहेत, दोन्ही मोजक्या आल्या. पण दोन्हींचा स्वभाव रस्त्याचा आहे. चार माणसं, डिकी, आणि एकटे असाल तेव्हा वेरूळच्या घाटात मन भरेल एवढी धार.

ट्रॅकवर खरंच जाणारे असाल तर माझं सगळं बोलणं उलटं धरा. पण मग नियमितपणे जाणार आहात का, हे स्वतःला विचारा. चेन्नईजवळचा ट्रॅक, कोइम्बतूरचा कारी, ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट, संभाजीनगरपासून सगळे हजार किलोमीटरच्या पुढं. आणि विम्याची पॉलिसी उघडून वाचा, शर्यत आणि वेगाची चाचणी त्यातून वगळलेली असते. ट्रॅकवर ठोकली तर खर्च तुमचा.

शेवटी टेस्ट ड्राइव्ह. शोरूमवाले तुम्हाला गुळगुळीत चौपदरी रस्त्यावर नेतील आणि ॲक्सिलरेटर दाबायला सांगतील. त्यात सगळ्याच गाड्या छान वाटतात. तुम्ही खराब रस्ता मागा. चाळीसच्या वेगानं ठिगळांवरून न्या आणि स्टिअरिंग हलकं धरा: गाडी सरळ राहते की हातातून ओढते? वळणात एखादा उंचवटा घ्या, बाजूला उडी मारते का बघा. उभ्या गतिरोधकावरून तिरकी न नेता सरळ न्या, पुढं घासते का ऐका. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, कायद्याच्या आत, इंजिन तुम्हाला किती वेळा गिअर बदलायला लावतं तेही मोजा. अर्धा तास पुरतो. आणि असा रस्ता द्यायला ते तयार नसतील, तर बुकिंगचा चेक देऊ नका, दुसऱ्या शोरूमला जा.