परदेशातला गल्ला, मायदेशातला नफा

मंडळी, वॉलमार्ट या अमेरिकी दुकानसाखळीचा परदेशी व्यापार खरोखर नफ्याचा आहे का, या प्रश्नाचे उत्तर देण्याचे मी संयोजकांना कबूल केले आहे. मात्र जर्मनीचे प्रकरण सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

1997 च्या अखेरीस या कंपनीने जर्मनीत वेर्टकाउफची 21 दुकाने घेतली आणि पुढच्या वर्षी इंटरस्पारची आणखी 74. दारात हसून स्वागत करणारा माणूस उभा करायचा आणि गिऱ्हाइकाचे सामान आपल्या हाताने पिशवीत भरून द्यायचे, ही अमेरिकेतली रीत तिथेही नेली गेली. जर्मन गिऱ्हाईक वाढले होते आल्डीसारख्या दुकानांत. तिथे माल खोक्यातूनच उचलायचा, पैसे मोजायचे आणि घरून आणलेल्या पिशवीत बटाटे खाली, अंडी वर, असे आपले आपण रचून निघायचे. त्यामुळे परक्या माणसाने सामानाला हात लावणे त्याला रुचले नाही. शिवाय या सेवेचे पैसे आपल्याच बिलात धरले असणार, अशी शंकाही त्याला आली. आपल्याकडे वाण्याने पुडी बांधून दिली नाही तर आपण रागावतो, तिथे बांधून दिली म्हणून लोक रागावले!

पण सगळे खापर सवयींवर फोडणे मला मान्य नाही. खरे दुखणे भावाचे होते. स्वस्ताई हाच ज्याचा हुकमी पत्ता, त्याला आल्डी आणि तशीच दुसरी स्वस्त दुकानसाखळी लिडल तितक्याच स्वस्ताईने भिडल्या. 2000 मध्ये तर दूध, पीठ, लोणी यांसारखा माल खरेदीपेक्षा कमी भावात विकू नका, असे तिथल्या स्पर्धा नियामकाने या तिघांनाही बजावले. जुलै 2006 मध्ये उरलेली 85 दुकाने मेट्रो या जर्मन व्यापारी कंपनीला विकण्याचे ठरले, तेव्हा सुमारे 100 कोटी डॉलरचा तोटा पदरात पडला होता.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मूळ मुद्दा घाईने मांडतो. परदेशी शाखेचा नफा एका वर्षाच्या ताळेबंदावरून कळत नाही. घातलेले भांडवल मायदेशाच्या चलनात किती परत आले, ते पाहावे लागते. ब्रिटनमधली ॲस्डा ही दुकानसाखळी 1999 मध्ये सुमारे 670 कोटी पौंडांना घेतली आणि 2020 मध्ये तिचा सौदा ठरला, तो 680 कोटी पौंडांच्या मूल्याने. मधल्या काळात ॲस्डाने कमाई केली, हे खरे. पण एकवीस वर्षांची महागाई बाजूला ठेवून नुसते डॉलरमध्ये मोजले, तरी सुमारे 1,080 कोटींचे 880 कोटीच झाले.

मेक्सिकोत उलट घडले. तिथे 1991 मध्ये सिफ्रा या स्थानिक कंपनीशी भागीदारी केली, बोदेगा औरेरा ही सामान्यांची दुकाने त्याच नावाने वाढवली, आणि तो व्यवसाय आजही चांगला नफा देतो.

राहता राहिले आपले फ्लिपकार्ट. 2018 मध्ये तिथला सुमारे 77 टक्के हिस्सा 1,600 कोटी डॉलर मोजून घेतला गेला. दर दिवाळीला तिथल्या विक्रीचे मोठमोठे आकडे आपण वाचतो, पण तो गल्ला झाला, नफा नव्हे. सौदा झाला त्या मे महिन्यात डॉलर 67 रुपयांच्या आसपास होता आणि आज तो ऐंशीच्या पुढे गेला आहे. म्हणजे घातलेला एकेक डॉलर नुसता परत न्यायचा म्हटले, तरी निदान तेरा रुपये जास्तीचे कमवावे लागणार, आणि तेवढ्या वर्षांचे व्याज वेगळेच.