पहिले २८ दिवस

(दृश्य: पहाटेची पायवाट. खांद्याला पिशवी अडकवून चाललेली एक स्त्री.)

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाचा गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. जिल्ह्याचा बहुतांश भाग जंगलाचा आहे, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता आजही पाण्याखाली जातो. अशा मुलखात दवाखाना किती किलोमीटरवर आहे हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. परंतु ज्या बाळाला जन्मून जेमतेम तीन दिवस झाले आहेत, ज्याला बाळंतिणीच्या खोलीबाहेर न्यायचे नाही असा घरचा दंडक आहे आणि ज्याचे दुखणे रडण्यावाचून दुसऱ्या कोणत्याही भाषेत सांगता येत नाही, त्याच्यासाठी पाच किलोमीटर आणि पन्नास किलोमीटर यांत फारसा फरक उरत नाही.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ मध्ये या जिल्ह्यात ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. मोठ्या इस्पितळाची लोकांना भीती वाटते, तिथल्या पांढऱ्या कपड्यांनी त्यांना प्रेतावरच्या कापडाची आठवण होते, हे लोकांकडूनच कळल्यावर शोधग्राम या संस्थेच्या वसाहतीतला दवाखाना आदिवासी वस्तीसारखा बांधला गेला आणि त्याला आदिवासींची देवी माँ दंतेश्वरीचे नाव मिळाले. दवाखान्याने माणसांकडे जायचे ते कसे, याचे पहिले उत्तर इथे मिळाले. दुसरे उत्तर मात्र दवाखान्याच्या भिंतींपलीकडे शोधावे लागले.

(दृश्य: मण्यांची चौकट आणि वाळूचे घड्याळ.)

लहान मुलांच्या मृत्यूचे एक मोठे कारण न्यूमोनिया होते. छाती तपासण्याचे यंत्र नसताना तो ओळखण्याची खूण म्हणजे श्वासाचा वेग. पण मिनिटाला साठपर्यंत मोजायचे तर आकडे यायला हवेत, आणि गावातल्या सुइणींपैकी अनेकींना अक्षरओळखही नव्हती. म्हणून हे साधे साधन तयार झाले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्यापर्यंत पोहोचलो, तर बाळाला औषध द्यायचे. शाळा न पाहिलेल्या बाईच्या हाती निदान सोपवण्याचे हे धाडस होते, आणि पुढचे सारे काम याच विश्वासावर उभे राहिले.

त्यानंतर लक्ष वळले जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांकडे. १९९३ पासून ३९ गावांत प्रत्यक्ष काम आणि तुलनेसाठी ४७ गावांत नोंदी, अशी आखणी झाली. १९९५-९६ मध्ये प्रशिक्षित स्त्रियांनी ७६३ नवजात बाळांची घरोघरी जाऊन पाहणी केली, तेव्हा निम्म्याहून अधिक बाळांना वैद्यकीय मदतीची गरज असल्याचे दिसले. ती मिळालेल्या बाळांचे प्रमाण मात्र शेकडा तीनही नव्हते. आरोग्यसेवेतली दरी याहून स्पष्ट शब्दांत सांगता येईल असे वाटत नाही.

या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणतात. त्या त्याच गावच्या, म्हणून रात्री दार वाजले तरी घराला परक्या नसतात. त्यांच्या पिशवीत झोळीचा वजनकाटा, तापमापक, श्वास मोजण्याचे साधन आणि बाळाला ऊब देणारे कापड असे. जन्मतः बाळ रडले नाही तर श्वास कसा द्यायचा, कमी वजनाच्या बाळाला उबदार कसे ठेवायचे, आईचे पहिले दूध टाकून न देता ते लगेच का पाजायचे, हे त्या बाळंतिणीजवळ बसून दाखवत आणि सासूलाही समजावत.

सर्वांत अवघड काम होते जंतुसंसर्ग ओळखण्याचे. आधी नीट रडणारे बाळ क्षीण रडू लागले, दूध ओढेनासे झाले, हातपाय ढिले पडले, अंग गार लागले, श्वास घेताना छाती आत ओढली जाऊ लागली, पोट फुगले किंवा उलट्या सुरू झाल्या, बेंबीत पू दिसला, यांपैकी दोन खुणा एकाच वेळी दिसल्या की धोका समजायचा. दवाखान्यात जाण्याचा सल्ला आधी दिला जाई. घरच्यांना जाणे शक्य नसेल, तर आई-वडिलांच्या लेखी संमतीने आरोग्यदूत स्वतः जेंटामायसिनचे इंजेक्शन देई आणि तोंडावाटे दुसरे प्रतिजैविक पाजी. उपचार सुरू होण्यापूर्वी असा संसर्ग झालेल्या शंभर बाळांपैकी १६ ते १७ दगावत. उपचारानंतर हे प्रमाण २.८ टक्क्यांवर आले.

एकूण परिणामही तेवढाच ठळक होता. कामाच्या गावांत दर हजार जन्मांमागे ६२ असलेला नवजात मृत्युदर १९९७-९८ मध्ये २५.५ झाला, तर तुलनेच्या गावांत तो जवळपास साठच राहिला. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एका बाळामागचा खर्च होता ५.३ अमेरिकी डॉलर.

(दृश्य: आशा कार्यकर्ती अंगणात वजन करताना.)

२०११ मध्ये भारत सरकारने घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर स्वीकारला आणि ते काम आशा कार्यकर्त्यांकडे आले. बाळंतपण दवाखान्यात झाले तर सहा भेटी, घरी झाले तर सात. शेवटची बेचाळिसाव्या दिवशी. या सर्व भेटींसाठी २५० रुपये मोबदला ठरला. इथे थांबून सांगायला हवे, की देशभर जाताना त्या पिशवीतले इंजेक्शन मागे राहिले. २०१४ च्या सूचनांनी जेंटामायसिन देण्याची मुभा एएनएमला, म्हणजे प्रसूतीचे प्रशिक्षण घेतलेल्या सरकारी परिचारिकेला दिली, तीही बाळाला पुढे पाठवणे शक्य नसेल तेव्हाच. सावधगिरीचे कारण समजते. पण एएनएम उपकेंद्राची, तिच्याकडे अनेक गावे, आणि ज्या गावात रात्री वाहन मिळत नाही तिथे बाळाच्या अगदी जवळ असलेली प्रशिक्षित व्यक्ती आशाच असते.

आज दवाखान्यातल्या बाळंतपणांचे प्रमाण वाढले आहे, आणि ही मोठीच गोष्ट आहे. तरीही साधे बाळंतपण झालेली आई दोन दिवसांत घरी परतते. तिसऱ्या दिवसानंतर बाळ दूध सोडते आहे का, त्याचे अंग गार पडते आहे का, हे पाहायला कुणीतरी त्याच गावातले लागते.

(दृश्य: पाऊस. ओढा भरून वाहतो आहे. अलीकडच्या घरात काटा झोळीला लावला जातो.)

आज या घरातली तिसरी भेट आहे. बाळ चौदा दिवसांचे आहे. मागच्या आठवड्याचे वजन कार्डावर लिहिलेले आहे. आजचे त्याच्यापुढे लिहायचे आहे.